मेलबर्न क्रिकेट ग्राउंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२६ डिसेंबरला पहाटे पाच वाजता टीव्ही लावणाऱ्यांना हे मैदान ओळखीचं आहे. पण आपण पाहतो ते त्याचं उन्हाळ्यातलं रूप. वर्षातले बाकीचे सहा-सात महिने तिथे क्रिकेटचा मागमूसही नसतो. या मैदानाबद्दल जे प्रश्न नेहमी विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण गोष्टच तशी आहे.

हे मैदान कुठे आहे आणि किती मोठं आहे?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या राजधानीत, मेलबर्न शहराच्या अगदी मध्यभागाजवळ, यारा पार्क नावाच्या मोठ्या उद्यानात. क्षमता एक लाखाच्या जराशी वर, अधिकृत आकडा १,००,०२४. अहमदाबादचं नवं स्टेडियम २०२० मध्ये उभं राहीपर्यंत जगातलं सर्वात मोठं क्रिकेट मैदान हेच होतं. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडचं लघुरूप एमसीजी, आणि मेलबर्नकर तेही एका अक्षरात उरकतात: 'द जी'.

नाव क्रिकेटचं, मग त्याला बहुउद्देशीय का म्हणायचं?

कारण तिथला मुख्य भाडेकरू क्रिकेट नाहीच. मार्च ते सप्टेंबर हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा हंगाम (आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून वेगळा, ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा खेळ; इथे 'फुटबॉल' म्हटलं की बहुतेक तोच). आठवड्याला कधी दोन, कधी तीन सामने होतात आणि स्टेडियमची वर्षभराची गर्दी मोजली तर मोठा वाटा फुटबॉलचा निघतो. याशिवाय ऑलिंपिक, राष्ट्रकुल स्पर्धा, फिफाच्या फुटबॉलचे सामने, रग्बी, संगीताचे जलसे, धर्मसभा, एवढंच काय लष्कराची छावणीही या मैदानाने पाहिली आहे.

क्रिकेटने हे मैदान स्वतःपुरतं राखलं नाही, म्हणून ते एवढं मोठं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात राखायचा प्रयत्न झाला होता आणि जागा वाटून घेण्यावरून दर वेळी भांडणंही झाली.

मैदान याच जागी का झालं?

आगगाडीमुळे. मेलबर्न क्रिकेट क्लब १८३८ मध्ये स्थापन झाला. (लंडनचा एमसीसी वेगळा, हा मेलबर्नचा.) क्लबचं आधीचं मैदान यारा नदीच्या दक्षिणेला होतं. ऑस्ट्रेलियातली पहिली वाफेची रेल्वे बंदराकडे काढायचं ठरलं आणि तिचा मार्ग नेमका मैदानावरून जात होता. सरकारने क्लबला उठवलं आणि १८५३ मध्ये रिचमंड पॅडॉक, म्हणजे आजच्या यारा पार्कमधली जागा दिली. पुढच्याच वर्षी तिथे खेळ सुरू झाला.

पहिला कसोटी सामना खरंच इथे झाला?

हो. १५ मार्च १८७७ रोजी सुरू झालेला ऑस्ट्रेलिया विरुद्ध इंग्लंड हा सामना. त्याला 'पहिली कसोटी' हा मान मात्र मागाहून मिळाला. चार्ल्स बॅनरमनने १६५ धावा केल्या आणि बोटाला चेंडू लागून तो जखमी होऊन परतला. संघाची एकूण धावसंख्या होती २४५. एका डावातल्या धावांपैकी दोनतृतीयांशाहून जास्त एकट्याने करण्याचा त्याचा विक्रम कसोटीत अजून टिकून आहे. ऑस्ट्रेलियाने तो सामना ४५ धावांनी जिंकला.

शंभर वर्षांनी, मार्च १९७७ मध्ये, याच मैदानावर याच दोन संघांत शताब्दी कसोटी झाली. ऑस्ट्रेलिया पुन्हा जिंकला, आणि फरक पुन्हा ४५ धावांचाच. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक खोडून टाकेल.

आणि पहिला एकदिवसीय सामना?

तोही इथलाच, ५ जानेवारी १९७१ चा. ॲशेस (ऑस्ट्रेलिया-इंग्लंड) मालिकेतली तिसरी कसोटी पावसाने वाहून गेली. तिकिटांचं नुकसान थोडं तरी भरून काढावं म्हणून शेवटच्या दिवशी ४० षटकांचा सामना ठेवला, तोही आठ चेंडूंच्या षटकांचा. सुमारे ४६ हजार लोक आले. आयोजकांना एवढ्या गर्दीची कल्पना नव्हती. आजचं सगळं मर्यादित षटकांचं अर्थकारण त्या पावसाचं देणं लागतं.

फुटबॉल या मैदानात कसा शिरला?

हा माझा सर्वात आवडता प्रश्न. टॉम विल्स हा क्रिकेटपटू. त्याने १८५८ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावतात, त्यांच्यासाठी फुटबॉल क्लब काढावा. पुढच्या वर्षी, १८५९ मध्ये, मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम लिहिले गेले. म्हणजे क्रिकेटपटूंना तंदुरुस्त ठेवायला निघालेला खेळ पुढे क्रिकेटच्याच मैदानाचा अर्धा मालक होऊन बसला.

सुरुवातीला मात्र क्लबने फुटबॉलवाल्यांना आतल्या हिरवळीवर पाऊल ठेवू दिलं नाही. गवत खराब होईल ही भीती. सामने बाहेर, शेजारच्या उद्यानात व्हायचे. पण पैसे देणारा प्रेक्षक तिकडे होता. यावर १८७६ मध्ये काढलेला तोडगा असा: मैदानाच्या कडेला एक लाकडी स्टँड बांधला, ज्याच्या बाकांची तोंडं फिरवता येत. उन्हाळ्यात बाकं आत, क्रिकेटकडे तोंड करून. हिवाळ्यात तीच बाकं उलटी, पाठ क्रिकेटच्या मैदानाकडे आणि तोंड पार्कातल्या फुटबॉलकडे. एकच स्टँड, दोन खेळ, आणि गवताला धक्का नाही! १८८४ मध्ये तो आगीत जळाला. तोवर त्याची गरजही सरली होती, कारण १८७० च्या दशकाच्या अखेरीस फुटबॉल आतल्या मैदानावर खेळला जाऊ लागला होता.

१८७९ च्या ऑगस्टमध्ये तर विजेच्या दिव्यांखाली रात्री फुटबॉलचा प्रयोग झाला. क्रिकेटला इथे प्रकाशझोतात खेळायला १९८५ उजाडलं.

मग क्रिकेटच्या खेळपट्टीवर फुटबॉल कसा खेळतात?

खेळत नाहीत. खेळपट्टीच उचलून नेतात.

पूर्वी मैदानाच्या मधोमध क्रिकेटचा कायमचा चौक होता. चिकणमाती दाबून दाबून कडक केलेली. हिवाळ्यात पाऊस पडला की याच चौकाचा चिखल व्हायचा आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये पंच चेंडू टप्पा पाडून खेळ सुरू करायचा तो नेमका मध्यावर. खेळाडू चिखलात लोळायचे, फुटबॉलवाले ओरडायचे. ऑक्टोबरमध्ये क्युरेटर, म्हणजे खेळपट्टीची निगा राखणारा, तोच उखणलेला चौक बघून कपाळाला हात लावायचा. दोघांचंही म्हणणं खरं होतं.

उत्तर सापडलं ते तिसऱ्याच भांडणातून. १९७७ मध्ये टीव्ही वाहिनीचा मालक केरी पॅकरने बंडखोर वर्ल्ड सिरीज क्रिकेट काढलं. त्याला एमसीजीसारखी मैदानं मिळाली नाहीत, म्हणून त्याने फुटबॉलचं मैदान भाड्याने घेतलं. तिथे खेळपट्टी कुठून आणायची? जॉन मॅली या क्युरेटरने ती बाहेर काँक्रीटच्या साच्यांत वाढवली आणि क्रेनने उचलून मैदानात बसवली. त्या वेळी अनेकांना तो वेडेपणा वाटला. पुढे १९९० च्या दशकात एमसीजीने तीच पद्धत घेतली. आता फुटबॉलचा हंगाम संपला की कित्येक टनांच्या खेळपट्ट्या पोलादी साच्यांतून अवजड वाहनांवर आणतात आणि मधल्या खड्ड्यात शेजारी शेजारी उतरवतात. उन्हाळा संपला की पुन्हा बाहेर. कुंडीतलं झाड हवं तेव्हा अंगणात आणि हवं तेव्हा आत, त्यातलाच प्रकार.

याची किंमतही मोजावी लागली. साच्यातली माती वर्षानुवर्षं तशीच राहते, तिच्यात नैसर्गिक झीज, भेगा, उसळी कमी. २०१७ च्या बॉक्सिंग डे (२६ डिसेंबरला सुरू होणाऱ्या) कसोटीत अॅलिस्टर कुकने नाबाद २४४ केल्या, पाच दिवस गोलंदाज घाम गाळत राहिले आणि सामना अनिर्णित सुटला. आयसीसीने त्या खेळपट्टीला 'निकृष्ट' शेरा दिला. त्यानंतर नवा क्युरेटर आला, गवत जास्त राखायला सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी जसप्रीत बुमराने एका डावात ३३ धावांत ६ बळी घेतले. खेळपट्टी हलवता येते, तिचा स्वभाव हलवायला वेळ लागतो.

१९५६ चं ऑलिंपिक इथे झालं तेव्हा क्रिकेट क्लबने आनंदाने मैदान दिलं का?

अजिबात नाही. मेलबर्नला यजमानपद मिळालं तरी मुख्य स्टेडियम कोणतं यावर कित्येक वर्षं घोळ चालला. क्लब आणि विश्वस्त नाखूश होते, दुसऱ्या जागांचा विचार झाला, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष अॅव्हरी ब्रंडेज तर तयारीच्या संथपणावर उघड चिडले. शेवटी एमसीजीच ठरलं. नवा स्टँड बांधला, धावपट्टी अंथरली आणि २२ नोव्हेंबर १९५६ ला उद्घाटन झालं. घोडेस्वारी मात्र ऑस्ट्रेलियात नाही, स्टॉकहोममध्ये घ्यावी लागली. बाहेरचे घोडे आणण्यावर विलगीकरणाचे कडक नियम होते.

आपल्यासाठी महत्त्वाचा दिवस ६ डिसेंबर. हॉकीची अंतिम लढत याच मैदानावर झाली. भारताने पाकिस्तानला १-० ने हरवलं, गोल रणधीर सिंग जेंटल यांचा. कर्णधार बलबीर सिंग हाताचं हाड मोडलेलं असताना खेळले. भारताचं हे ओळीने सहावं सुवर्ण. एमसीजी म्हटलं की आपल्याला फक्त क्रिकेट आठवतं, हॉकी कुणाच्या डोक्यातही येत नाही, याचं वाईट वाटतं.

समारोपालाही एक गंमत झाली. तोवर खेळाडू देशवार रांगांनी चालत. जॉन इयान विंग या सतरा वर्षांच्या मुलाने आयोजकांना पत्र पाठवून सुचवलं की सगळ्यांनी मिसळून चालावं. सूचना मान्य झाली आणि तीच प्रथा आजही ऑलिंपिकच्या समारोपात दिसते.

युद्धाच्या काळात मैदानाचं काय झालं?

१९४२ ते १९४५ खेळ बंद. सरकारने मैदान ताब्यात घेतलं. आधी अमेरिकेचं हवाई दल, मग ग्वादलकनालच्या लढाईहून थकून आलेले अमेरिकी मरीन सैनिक आणि नंतर ऑस्ट्रेलियाचं हवाई दल इथे मुक्कामाला होतं. प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये सैनिकांच्या खाटा लागल्या होत्या.

भारतीय क्रिकेटच्या कोणत्या आठवणी इथल्या आहेत?

यादी फार मोठी आहे, म्हणून निवडक सांगतो.

विनू मंकड यांनी १९४७-४८ च्या दौऱ्यात इथे दोन शतकं काढली, ११६ आणि १११. पहिला कसोटी विजय त्यानंतर तीस वर्षांनी, १९७७-७८ मध्ये. चंद्रशेखर यांनी दोन्ही डावांत अगदी सारखे आकडे लावले: ५२ धावांत ६ आणि पुन्हा ५२ धावांत ६. दुसऱ्या डावात सुनील गावसकरांचे ११८. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवरचा भारताचा तो पहिलाच कसोटी विजय.

फेब्रुवारी १९८१ ची कसोटी मुंबईकर अजून रंगवून सांगतात. गावसकर आणि चेतन चौहान यांची १६५ धावांची सलामी झाली होती. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीच्या चेंडूवर गावसकरांना ७० वर पायचीत दिलं. चेंडू बॅटला लागला होता असं त्यांचं म्हणणं. ते चिडले आणि परतताना चौहानलाही बरोबर चालायला लावलं. सीमारेषेजवळ संघाच्या व्यवस्थापकाने चौहानला थांबवून परत पाठवलं, नाहीतर सामना तिथेच गेला असता. गंमत म्हणजे तोच सामना भारताने जिंकला. ऑस्ट्रेलियाला १४३ हव्या होत्या, दुखापत घेऊन खेळणाऱ्या कपिलने २८ धावांत ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ वर आटोपला.

१० मार्च १९८५ ला याच मैदानावर, आता दिव्यांच्या उजेडात, भारताने पाकिस्तानला आठ गडी राखून हरवलं आणि बेन्सन अँड हेजेस स्पर्धा जिंकली. रवी शास्त्रीला बक्षीस म्हणून ऑडी मिळाली. अख्खा संघ त्या गाडीत आणि गाडीवर चढून मैदानाला फेरी मारत होता. ती चित्रफीत ज्याने पाहिली नाही असा माझ्या पिढीचा माणूस मिळणं कठीण.

मग सचिनचं १९९९ चं शतक, ११६ धावांचं, बाजूला पडझड चालू असताना. आणि अजिंक्य रहाणे. अॅडलेडला ३६ धावांत डाव संपलेला, कोहली मायदेशी परतलेला, शमी जायबंदी. २०२० च्या बॉक्सिंग डे कसोटीत रहाणेने ११२ केल्या आणि भारत आठ गडी राखून जिंकला. २०१४ मध्येही त्याने इथेच १४७ केल्या होत्या, त्यामुळे ड्रेसिंग रूममधल्या मानाच्या फलकावर त्याचं नाव दोनदा आहे.

रहाणेला मिळालेलं मुलाग पदक काय आहे?

२६ डिसेंबर १८६६ ला या मैदानावर मेलबर्न क्लबविरुद्ध आदिवासी खेळाडूंचा एक संघ उतरला होता. त्यांना शिकवणारा होता टॉम विल्स, तोच फुटबॉलवाला. त्या संघातला चमकता खेळाडू जॉनी मुलाग. १८६८ मध्ये आदिवासी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. परदेश दौरा करणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघ. मुलाग त्यात फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्हींत अग्रेसर होता.

बॉक्सिंग डे कसोटीच्या सामनावीराला २०२० पासून त्याच्या नावाचं पदक देतात. १८६८ च्या संघाच्या कंबरपट्ट्यावर जी बक्कल होती, तिच्या घडणीवरून ते बनवलं आहे. पहिलं पदक रहाणेच्या गळ्यात पडलं.

सर्वात जास्त गर्दी कधी झाली?

खेळाच्या सामन्याला म्हणाल तर २६ सप्टेंबर १९७० ला, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड या फुटबॉलच्या अंतिम सामन्याला: १,२१,६९६. त्याहून जास्त माणसं १९५९ मध्ये अमेरिकी धर्मप्रचारक बिली ग्रॅहॅम यांच्या सभेला आली होती, तेव्हा लोक मैदानाच्या हिरवळीवरही बसले होते. हे आकडे आता मोडणं शक्य नाही, कारण तेव्हा मोठा भाग उभ्याने पाहणाऱ्यांचा असे. आज बहुतेकांना खुर्ची आहे.

कसोटीतला एका दिवसाचा इथला उच्चांक ९४,१९९ (२६ डिसेंबर २०२५). संपूर्ण कसोटीचा विक्रम १९३७ पासून ३,५०,५३४ होता, ब्रॅडमनने २७० केल्या त्या सामन्याचा. तो ८७ वर्षं टिकला आणि २०२४ मध्ये भारताच्या सामन्याने मोडला: ३,७३,६९१. २०२२ च्या भारत-पाकिस्तान टी-२० सामन्याला, कोहलीच्या नाबाद ८२ वाल्या, ९०,२९३ लोक होते. ८ मार्च २०२० च्या महिला टी-२० विश्वचषक अंतिम सामन्याला ८६,१७४. तो आपण हरलो, पण महिला क्रिकेटला एवढी गर्दी त्याआधी कधीच झाली नव्हती.

खेळाशिवाय काय काय होतं?

मोठे संगीत कार्यक्रम तर होतातच. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचे तीन कार्यक्रम झाले, प्रत्येकाला सुमारे ९६ हजार श्रोते. अशा वेळी गवतावर जाड पट्ट्या अंथरतात आणि कार्यक्रम संपताच त्या काढायची घाई असते, कारण झाकलेलं गवत थोड्या दिवसांतही पिवळं पडतं. पोप जॉन पॉल दुसरे १९८६ मध्ये इथे आले होते. ३० मार्च २०२२ ला फिरकीपटू शेन वॉर्नला सरकारी निरोप इथेच दिला गेला. तो मेलबर्नचा मुलगा. ७०० वा कसोटी बळी त्याने इथेच घेतला होता आणि दक्षिणेकडच्या भल्यामोठ्या स्टँडला आता त्याचं नाव आहे.

मालक कोण? क्लब की सरकार?

जमीन सरकारी. तिच्यावर विश्वस्त मंडळ आहे आणि व्यवस्थापन मेलबर्न क्रिकेट क्लब करतो. क्लबचं सदस्यत्व मिळायला दशकं लागतात. मूल जन्मलं की लगेच प्रतीक्षायादीत नाव घालणारे पालक तिथे सर्रास आढळतात. मुंबईतल्या जुन्या जिमखान्यांच्या याद्या माहीत असलेल्यांना हे नवल वाटणार नाही.

भारतात असं वाटून वापरलेलं मैदान का चालत नाही?

चालतं, पण ताणाताण होते. २०१८ मध्ये कोचीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना ठेवायचं ठरलं. तिथे विश्वचषक दर्जाचं फुटबॉलचं गवत होतं, ते खणून खेळपट्टी करावी लागणार म्हणून फुटबॉलप्रेमींनी आवाज उठवला. सामना तिरुवनंतपुरमला हलवला गेला. मेलबर्नमध्ये सुमारे दीडशे वर्षांपूर्वी झालेलं भांडण तेच होतं. फरक एवढाच की तिथे पैसा खर्च करून खेळपट्टी हलवायची सोय केली.

नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम हे आपल्याकडचं त्यातल्या त्यात बरं उदाहरण. पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना, २०१७ चा सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक, २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला भारताच्या मुलींनी जिंकलेला विश्वचषक, सगळं तिथलंच.

पाहायला जायचं तर कसं?

सामना नसेल त्या दिवशी मार्गदर्शकासह फेरी असते. ड्रेसिंग रूम, लाँग रूम आणि हवामान बरं असेल तर मैदानाच्या कडेपर्यंत नेतात. आतच ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स म्युझियम आहे, त्याला अर्धा दिवस ठेवा. शहरातून नदीकाठाने चालत जाता येतं. रेल्वेने गेलात तर जोलिमॉन्ट किंवा रिचमंड स्टेशनला उतरा. डिसेंबरमध्ये जमत नसेल तर हिरमुसू नका, एप्रिल ते ऑगस्टमध्ये जा आणि फुटबॉलचा सामना बघा. तिकीट कसोटीपेक्षा सहज मिळतं. गरम कपडे मात्र न्या, वरच्या मजल्यावर वारा झोंबतो.